हिरवं रेशनबुक आणि दोन तास पुढचं घड्याळ

१९४१ साल. लंडनमधल्या एका वाण्याच्या दुकानापुढे रांग लागली आहे. एक तरुणी पिशवीतून रेशनबुक काढते आणि मागे उभ्या असलेल्या बाईला कळतं, हिला दिवस गेलेत. पोट अजून दिसत नाही. पण मोठ्यांचं रेशनबुक फिकट तपकिरी असायचं, पाच ते सोळा वयाच्या मुलांचं निळं, आणि हिरवं मिळायचं ते फक्त गरोदर बायकांना, अंगावर पाजणाऱ्या आयांना आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठी. या तरुणीचा नवरा वर्षभर आघाडीवर आहे हे मागच्या बाईला ठाऊक असेल, तर कथा इथेच सुरू झाली. त्याच रस्त्यावरून गेलेल्या इन्स्पेक्टरला यातलं काहीही दिसलं नसतं, कारण तो त्या रांगेत उभाच राहत नाही.

युद्धकाळातली बाई डिटेक्टिव्ह आणि तिची पुस्तकामागून पुस्तक चालणारी मालिका हा प्रकार इंग्रजीत चांगला रुजला आहे. मराठीत तसं लिहू पाहणाऱ्यांसाठी, आणि वाचताना लेखकाचा गृहपाठ तपासू पाहणाऱ्यांसाठी ही टिपणं. अशा बहुतेक पुस्तकांची चूक एकच असते. भोंगे वाजतात, खिडक्यांना काळे पडदे लागतात, दूर कुठेतरी बॉम्ब पडतो, पण खून मात्र १९२५ सालीही तसाच झाला असता आणि तसाच उलगडला असता. लिहायला बसण्याआधी कथानकातून युद्ध वजा करून बघा. रहस्य तरीही उभं राहत असेल तर मांडणी मोडा आणि नव्याने करा. त्या सहा वर्षांत सरकारने काढलेला जवळजवळ प्रत्येक नियम खुन्याला एक आडोसा देतो आणि तपास करणारीला एक धागा देतो. असं असताना तो काळ नुसता पडद्यासारखा मागे टांगून ठेवणं म्हणजे हाताशी आलेलं सोनं टाकून देणं.

आधी तिची नोकरी ठरवा

नाव, स्वभाव, भूतकाळ नंतर. ती दिवसभर काय करते, कुणाच्या दारात जाऊ शकते आणि तिला पगार कोण देतं, हे आधी.

पोलिसात घ्यायची असेल तर तिचं लग्न झालेलं चालणार नाही. ब्रिटिश पोलीस दलात बाईने लग्न केलं की राजीनामा द्यायचा, ही अट १९४६ मध्ये उठली. १९३९ मध्ये महिलांचं सहायक पोलीस दल निघालं, पण तिथे मोटार चालवणं, टेलिफोन, टंकलेखन अशी कामं जास्त. ते वाईट नाही. टेलिफोनवर बसलेल्या बाईकडे पोलीस ठाण्यातली प्रत्येक बातमी आधी येते. मालिका पहिल्या महायुद्धात ठेवणार असाल तर १९१५ मध्ये इंग्लंडमधल्या ग्रँथमला नेमलेल्या एडिथ स्मिथ यांच्यापासून सुरुवात करा. पूर्ण अटकेचे अधिकार मिळालेल्या त्या ब्रिटनमधल्या पहिल्या महिला पोलीस.

खासगी डिटेक्टिव्ह करायची असेल तर डिसेंबर १९४१ चा कायदा आडवा येतो. वीस ते तीस वयाच्या अविवाहित बाया आणि मूल नसलेल्या विधवा यांना राष्ट्रीय सेवा सक्तीची झाली: सैन्याची महिला दलं, नागरी संरक्षण किंवा कारखाना. सत्तावीस वर्षांची अविवाहित नायिका १९४२ मध्येही आपल्या ऑफिसात बसून अशिलांची वाट पाहत असेल, तर जाणता वाचक पहिल्याच पानावर थबकेल. तिला छत्तिशीची करा, किंवा तिच्यावर एक अधिकृत काम सोपवा आणि तपास त्या कामाच्या फटीतून होऊ द्या.

माझ्या मते सगळ्यात समृद्ध जागा दोन. पहिली एआरपी वॉर्डनची, म्हणजे हवाई हल्ल्याच्या वेळी गल्ली सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाची. साधारण सहा वॉर्डनांत एक बाई होती. आपल्या हद्दीतल्या कुठल्या घरात रात्री कोण आणि कुठल्या खोलीत झोपतं, याची नोंद वॉर्डनला ठेवावी लागे, कारण घर कोसळलं तर कुठे खणायचं हे त्यावरून ठरे. म्हणजे हिच्या वहीत सगळ्या गल्लीची झोप लिहिलेली आहे. कोण आज घरात नव्हतं आणि कोणाच्या घरी एक माणूस जास्त होतं, हे तिला विचारपूस न करता कळतं. दुसरी जागा अँब्युलन्स चालकाची. पूर्ण वेळ काम करणाऱ्या पुरुषाला आठवड्याला ३ पौंड मिळत तेव्हा बाईला २ पौंड. ही तफावत एका वाक्यात येऊ द्या, तिच्यावर भाषण नको.

आणि ज्यांना खरा नमुना हवा त्यांनी मॉली लेफेब्यूर यांच्याबद्दल वाचावं. त्या आधी पूर्व लंडनमध्ये वार्ताहर होत्या. १९४१ पासून युद्ध संपेपर्यंत त्यांनी न्यायवैद्यक तज्ज्ञ कीथ सिम्पसन यांची सेक्रेटरी म्हणून काम केलं. लंडनच्या शवागारांमध्ये टंकलेखन यंत्र घेऊन बसायचं, ते सांगतील ते टिपायचं, पुरावे सांभाळायचे. खुनाच्या चौकशीत इतक्या जवळ बसलेली तरुण बाई त्या काळात होती आणि तिच्या हाती शिक्षण, चिकाटी आणि टाइपरायटर होता. कल्पित नायिकेला याहून वेगळी कुठलीही जादू लागत नाही.

प्रेत कुठे लपवतात

७ सप्टेंबर १९४० ते मे १९४१ या काळात ब्लिट्झमध्ये, म्हणजे जर्मनीच्या सलग बॉम्बमाऱ्यात, ब्रिटनचे सुमारे ४३ हजार नागरिक मेले. त्यात एक वाढवणं कुणालाही सुचेल, आणि प्रत्यक्षात ते एकाने करून पाहिलं. हा खटला असं काही लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने बारकाईने अभ्यासावा, कारण खुन्याचं काय चुकलं ते त्यात पायरीपायरीने दिसतं.

रेचल डॉबकिन ११ एप्रिल १९४१ रोजी, गुड फ्रायडेला, विभक्त नवऱ्याला भेटायला गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. नवरा हॅरी हा केनिंग्टन लेनवर आगराखणीचं काम करायचा. शेजारीच बॉम्बने पडलेलं बाप्टिस्ट चॅपेल होतं. १७ जुलै १९४२ रोजी पाडकाम करणाऱ्या मजुरांना तिथल्या फरशीखाली सांगाडा सापडला. आधी वाटलं, हल्ल्यातला बळी. पण बॉम्ब कुणाचे हातपाय सांध्यापाशी कापून वेगळे करत नाही, आणि मेलेल्याला फरशीखाली नीट पुरतही नाही. सिम्पसन यांना अवशेषांवर चुना दिसला.

आता चुन्याची गंमत समजून घ्या, कारण मराठी वाचकाला ती इंग्रज वाचकापेक्षा लवकर कळेल. प्रेत लवकर नष्ट व्हावं म्हणून चुना टाकायचा, ही समजूत जुनी. चुनकळी पाण्याशी भिडली की उकळते, हे आपल्याकडे घर बांधताना पाहिलेल्या कुणालाही माहीत. इथे टाकला होता तो बांधकामाचा विरलेला चुना. त्याने उलट किड्यांना दूर ठेवलं आणि गळ्याचा भाग टिकवला. स्वरयंत्राच्या कूर्चेचं एक टोक मोडलेलं आणि तिथे रक्त साकळलेलं सापडलं. याचा अर्थ गळा दाबून खून, कारण ही इजा जिवंतपणीच झालेली होती. पुढे ओळख पटली ती दातांवरून. दंतवैद्याने वरच्या जबड्यातल्या कामाच्या सविस्तर नोंदी ठेवल्या होत्या आणि त्या तंतोतंत जुळल्या. कवटीच्या छायाचित्रावर रेचल यांचा फोटो बसवून पाहिला, तोही जुळला. गर्भाशयातली गाठ जुळली. हॅरी डॉबकिनला २७ जानेवारी १९४३ रोजी फाशी झाली.

कादंबरीसाठी यातून निघणाऱ्या गोष्टी अशा. बॉम्बने मेलेल्या माणसासाठी कोरोनरवर, म्हणजे संशयास्पद मृत्यू तपासणाऱ्या अधिकाऱ्यावर, चौकशीचं बंधन नव्हतं. मृत्यू युद्धकारवाईने झाला अशी खात्री झाली की नोंद होऊन दफन होई. खुन्याला नेमकी हीच खात्री पटवायची असते. ढिगाऱ्यातल्या बळीच्या अंगावर एकही जखम नसली तरी संशय येत नसे, कारण स्फोटाच्या दाबाने फुप्फुसं फाटून माणूस बाहेरून जसाच्या तसा राहून मरू शकतो. म्हणून तुमच्या नायिकेने जखमा शोधू नयेत, धूळ शोधावी. घर कोसळताना माणूस जिवंत असेल तर श्वासनलिकेत चुन्यामातीची धूळ जाते. नाकातोंडात धुळीचा थर आणि आत मात्र काहीच नाही, तर तो आधीच मेला होता. हे तिला स्वतः तपासता येणार नाही. शवागारातल्या डॉक्टरला तिने योग्य प्रश्न विचारायचा आहे. तसंच कोळशाच्या गॅसचं. त्या वेळी घरोघरी नळाने येणाऱ्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड भरपूर असे. हल्ल्यात नळ फुटून माणसं मरत आणि त्यांच्या कातडीवर गुलाबी-लाल छटा येई. स्वयंपाकघरात गॅस सोडून मारलेल्या माणसाचाही रंग तसाच. फरक शोधायचा तो घराबाहेर: त्या रात्री गल्लीतला नळ खरोखर फुटला होता का? गॅस कंपनीच्या दुरुस्तीच्या नोंदी ते सांगतील.

माझा आवडता धागा मात्र कपड्यांचा. जून १९४१ पासून कपड्यांवर कुपनं आली, वर्षाला ६६. लोकरी झग्याला ११, बायकांच्या बुटांना ५, मोज्यांच्या जोडीला २. त्याच वर्षी सरकारमान्य स्वस्त मालावर सीसी४१ ही खूण आली, चीजच्या कापलेल्या चकतीसारखे दोन ‘सी’ आणि पुढे ४१. आता समजा, सप्टेंबर १९४० मध्ये पडलेल्या घराच्या तळघरात सांगाडा मिळाला आणि झग्याच्या आतल्या पट्टीवर ही खूण आहे. तो बॉम्ब निर्दोष ठरला. हे पोलीस सर्जनच्या आधी बाईला दिसेल, कारण तिने स्वतः तसला झगा कुपनं मोजून घेतला आहे.

अंधार आणि घड्याळ

ब्लॅकआउट, म्हणजे रात्री बाहेर उजेड दिसू न देण्याची सक्ती, १ सप्टेंबर १९३९ ला सुरू झाला आणि सप्टेंबर १९४४ मध्ये सैल झाला. या तारखांपेक्षा जास्त गोंधळ होतो तो तासांचा. १९४० च्या शरद ऋतूत ब्रिटनने घड्याळं मागे घेतलीच नाहीत आणि ४ मे १९४१ ला आणखी एक तास पुढे केली. त्या उन्हाळ्यात घड्याळ ग्रीनिचच्या दोन तास पुढे होतं. २१ जूनला लंडनमध्ये सूर्य घड्याळात रात्री १० वाजून २० मिनिटांच्या सुमारास मावळे. मग ‘जूनमधली रात्र, साडेनऊची वेळ, गुडुप अंधारात त्याने तिला गाठलं’ हे वाक्य सपशेल खोटं ठरतं, त्या वेळी मुलं रस्त्यात खेळत असतील. उलट हिवाळ्यात डिसेंबरअखेर सकाळचे नऊ वाजले तरी सूर्य उगवलेला नसे. कामाला निघालेल्या बायका अंधारात, नऊच्या आत. खुनासाठी ही वेळ फार कमी लेखकांनी वापरली आहे.

दुसरी गोष्ट चंद्र. त्या वर्षांतल्या तिथी सहज काढता येतात, काढाच. १० मे १९४१ च्या प्रचंड हल्ल्याच्या रात्री पौर्णिमा होती आणि थेम्सला ओहोटी, म्हणून बंबांच्या नळ्यांना पाणी मिळेना. फेब्रुवारी १९४२ मध्ये गॉर्डन कमिन्स नावाच्या हवाईदलातल्या जवानाने आठवड्याभरात चार बायकांचे खून केले, तो आठवडा अमावास्येकडे जाणारा होता. त्याला पकडून दिलं ते गॅस मास्कच्या पिशवीने. आणखी एका बाईवर हल्ला करताना कुणाची तरी चाहूल लागली, तो पळाला, पिशवी राहिली आणि पिशवीवर त्याचा सेवा क्रमांक होता: ५२५९८७. राहत्या तळाच्या नोंदीप्रमाणे तो वेळेत परतलेला होता, पण तिथले जवान एकमेकांना सांभाळून घेत, हे चौकशीत उघड झालं. वर्दीतल्या माणसाची अ‍ॅलिबी, म्हणजे त्या वेळी तो दुसरीकडे असल्याचा पुरावा, लष्करी वहीत लिहिलेली आहे एवढ्यावर तुमच्या इन्स्पेक्टरने समाधान मानावं, नायिकेने मानू नये. पुढे एकामागून एक खून करणाऱ्या जॉन ख्रिस्टीला तर आधीच्या शिक्षा असूनही १९३९ मध्ये राखीव पोलिसात घेतलं गेलं आणि वर्दी अंगावर असण्याच्या काळातच, १९४३ मध्ये, त्याने पहिला खून केला.

भुयारी रेल्वेच्या फलाटावर झोपलेली माणसं प्रत्येक पुस्तकात असतात. नोव्हेंबर १९४० च्या गणनेत तिथे झोपणारे लंडनकर सुमारे चार टक्के निघाले. बहुसंख्य लोक आपल्या घरीच होते, अंगणातल्या किंवा घरातल्या आडोशाला नाहीतर सरळ बिछान्यात. फलाट वापरायचाच असेल तर तिथल्या दोन पांढऱ्या रेघा वापरा, एक कडेपासून आठ फुटांवर, दुसरी चार फुटांवर. संध्याकाळी साडेसातपर्यंत झोपणाऱ्यांनी आठ फुटांच्या रेघेमागे राहायचं, गर्दी ओसरली की चार फुटांपर्यंत सरकायचं. कुणी किती वाजता कुठे अंथरूण घातलं, याला साक्षीदार हवा असेल तर त्या रेघा पुरतात.

कागद खोटं बोलतात

१९३९ च्या ओळखपत्रावर नाव, पत्ता आणि क्रमांक असे. सामान्य माणसाच्या पत्रावर फोटो नाही. मेलेल्या बाईचं पत्र उचलून दुसरी बाई तिचं आयुष्य जगू शकते. अडचण येते ती रेशनची: बुक ठरावीक दुकानात नोंदवलेलं असतं आणि तो दुकानदार खरी बाई ओळखतो. म्हणून अशी तोतयी लगेच पत्ता बदलते आणि नव्या दुकानात नोंद करते. नोंद कुठल्या तारखेला बदलली, ते सरकारी फूड ऑफिसात सापडतं. ही संपूर्ण साखळी काळाने तयार करून ठेवली आहे.

रेशनचे तपशील एकदम सगळे ओतू नका, वर्ष मात्र अचूक ठेवा. बेकन, लोणी, साखर जानेवारी १९४० पासून. चहा त्याच जुलैपासून, आठवड्याला दोन औंस. साबण फेब्रुवारी १९४२, गोळ्या-चॉकलेट जुलै १९४२. पाव युद्धभर खुला होता, तो रेशनवर गेला युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये. १९४३ मध्ये पावाचं कुपन मागणारा वाणी हा हमखास सापडणारा प्रमाद.

वर्तमानपत्राचं कात्रण धागा म्हणून वापरताना दोन बंधनं: बॉम्ब कुठे पडला हे नेमकं छापत नसत आणि हवामानाचा अंदाज प्रसिद्ध होत नसे. न्यायालयात ज्यूरी सातची झाली होती, पण खून आणि देशद्रोहाच्या खटल्यात बाराच. खटल्याचा प्रसंग लिहिणारे बहुतेक इथे घसरतात, कारण अर्धी माहिती अधिक घातक.

मालिका म्हणून

सहा वर्षांत सहा पुस्तकं, प्रत्येक काही आठवड्यांचं, अशी बेतणी सोपी पडते. प्रत्येकासाठी असा महिना निवडा ज्यात एक नियम नुकताच लागू झाला आहे आणि लोक अजून त्यात चाचपडताहेत. जून १९४० मध्ये रस्त्यांवरच्या दिशादर्शक पाट्या काढल्या आणि चर्चच्या घंटा बंद झाल्या. आता घंटा वाजली तर ती शत्रू उतरल्याची. कुणी एकाने मुद्दाम वाजवली तर? जुलै १९४२ मध्ये खासगी मोटारींचं पेट्रोल बंद झालं, म्हणजे रात्री दिसलेली प्रत्येक मोटार कुणाची तरी परवानाधारक. ३ मार्च १९४३ ला बेथनल ग्रीन स्टेशनच्या जिन्यात चेंगराचेंगरी होऊन १७३ जण गेले: ८४ बायका, ६२ मुलं, २७ पुरुष. बॉम्ब एकही पडला नव्हता आणि चौकशीचा अहवाल १९४५ पर्यंत दडवून ठेवला. ही जागा कथेत आणणार असाल तर त्या मृतांना कोड्याचं सामान करू नका. मला इथे नायिका तपास सोडून ओळख पटवायच्या कामाला बसलेली पाहायला आवडेल, सबंध एक प्रकरण.

सगळ्यात उत्तम काळ मला १९४४ चे शेवटचे महिने वाटतात. ८ सप्टेंबरला जर्मनांचं पहिलं व्ही-२ रॉकेट लंडनवर पडलं. ते आवाजापेक्षा वेगाने येई, म्हणून भोंगा नाही, आधी स्फोट आणि मग गडगडाट. सरकारने १० नोव्हेंबरपर्यंत ते कबूलच केलं नाही. गॅसचे नळ फुटतात असं सांगितलं जाई, आणि लोक या ‘उडत्या गॅसनळां’ना हसत. या दोन महिन्यांत एखाद्या घरात खरोखर गॅसचा स्फोट घडवून कुणाला मारलं, तर सरकारी खुलाशावर विश्वास ठेवणारा शहाणा माणूस एकही मिळणार नाही. खुन्याचं अ‍ॅलिबीचं काम लोकांच्या अविश्वासाने केलेलं असेल.

एक वही केवळ नायिकेसाठी करा. तिचं वय, तिच्याकडे उरलेली कुपनं, बुटांचा तळ कधी बदलला, कुठल्या रात्री झोप झाली नाही. तिसऱ्या पुस्तकात नवा कोट आला तर तो कुठल्या कुपनांवर आला, हे विचारणारे वाचक असतात आणि ते चांगले वाचक असतात.

मुंबईत ठेवायची तर

लंडनमधली सगळी यंत्रणा मुंबईला लागू होत नाही, पण एक मोठी सोय आहे: मुंबईला कोरोनर होता, १९९९ पर्यंत. संशयास्पद मृत्यूची चौकशी तो घेई. मुंबईत धान्याचं रेशनिंग १९४३ मध्ये आलं. बायकांचं सैनिकी सहायक दल १९४२ मध्ये निघालं, त्यातली टेलिफोन किंवा सांकेतिक संदेशांवर बसणारी तरुणी ही नैसर्गिक नायिका. किंवा उलट बाजूची घ्या, १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओला मदत करणारी, जिला पोलिसांपासून लपून खून शोधायचा आहे.

१४ एप्रिल १९४४ ची तारीख टाळता येणार नाही. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ बोटीवर सुमारे १४०० टन स्फोटकं, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा एकत्र होत्या. आग दुपारी लागली, पहिला स्फोट ४ वाजून ६ मिनिटांनी, दुसरा अर्ध्या तासाच्या आत. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. इथे वेळेवर रहस्य उभारणार असाल तर आधी हे ठरवा, की कुठलं पात्र कुठलं घड्याळ पाळतं. मुंबई टाइम प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होता आणि शहरात तो १९५५ पर्यंत टिकून होता. त्यात सप्टेंबर १९४२ पासून प्रमाणवेळच एक तास पुढे केलेली. गिरगावातल्या आजोबांनी सांगितलेली वेळ आणि फोर्टातल्या कारकुनाने लिहिलेली वेळ जुळत नसेल, तर दोघंही खरं बोलत असू शकतात.